महापालिकेची बाग नीट चालवून घ्यायची कशी: पिंपरी-चिंचवडच्या रहिवाशांसाठी सविस्तर गाईड

नवी बाग बांधायला पैसे मिळतात, फीत कापायला पाहुणे मिळतात, पण तीच बाग चार वर्षांनी कोण सांभाळतंय हे विचारायला कोणी नसतं. माझं सरळ मत आहे की आपल्याकडच्या बागा बिघडतात त्या देखभालीच्या कागदावर, आणि सुधारायच्या असतील तर सुरुवातही त्याच कागदापासून करावी लागते. म्हणून हा लेख नवी बाग कशी मागायची यावर कमी आणि आहे ती कशी चालवून घ्यायची यावर जास्त आहे.

आपल्या शहरात मोठी ठिकाणं भरपूर आहेत, निगडीचं भक्ती-शक्ती उद्यान, दुर्गाटेकडी, प्राधिकरणातला गणेश तलाव, चिंचवड संभाजीनगरची बर्ड व्हॅली, पिंपळे गुरवचं राजमाता जिजाऊ उद्यान ज्याला पोरं डायनासोर गार्डनच म्हणतात. या ठिकाणांकडं सगळ्यांचं लक्ष असतं. खरा प्रश्न सोसायट्यांच्या मधल्या अर्ध्या-एक एकराच्या बागांचा, जिथं रोज संध्याकाळी आजी-आजोबा आणि लहान मुलं जातात, आणि बातमी मात्र कधीच होत नाही. हे गाईड त्या बागांसाठी. शहर दुसरं असेल, ठाणे, कल्याण-डोंबिवली, नवी मुंबई, तरी विभागांची नावं बदलून बहुतेक सगळं तसंच लागू पडेल.

आधी जागा कोणाची ते बघा

हे न बघता लोक तक्रारी करत बसतात आणि सहा महिने वाया जातात. बागेची जागा साधारण तीन प्रकारची असते. एक, विकास आराखड्यात उद्यान म्हणून आरक्षित असलेली आणि महापालिकेनं ताब्यात घेतलेली. दोन, जुन्या प्राधिकरणाची. हे नवनगर विकास प्राधिकरण १९७२ ला स्थापन झालं आणि २०२१ मध्ये विसर्जित झालं, त्यामुळं तिथल्या काही जागांचे कागद कुठल्या कार्यालयात मिळतील हे आधी विचारून घ्यावं लागतं. तीन, सोसायटीच्या किंवा लेआउटमधली ओपन स्पेस. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीनुसार ४००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या लेआउटमध्ये १० टक्के जागा मोकळी ठेवावी लागते, पण ती जागा म्हणजे महापालिकेची बाग नव्हे, तिची देखभाल रहिवाशांनाच करावी लागते. तुमची बाग या तिसऱ्या प्रकारातली निघाली तर माळी महापालिका देणार नाही.

बघायचं कसं? मिळकत पत्रिका किंवा सातबारा काढा, नगररचना विभागातून झोन दाखला घ्या, म्हणजे आरक्षण आहे की नाही आणि कशासाठी ते कळतं. आरक्षण आहे पण जागा अजून मूळ मालकाकडं आहे असं दिसलं तर एक गोष्ट लक्षात ठेवा, प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ च्या कलम १२७ नुसार आराखडा लागू झाल्यापासून १० वर्षांत जागा घेतली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि नोटिशीनंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षणच रद्द होतं. अशी बाग एकदा गेली की परत येत नाही. आपल्याकडं नवा प्रारूप आराखडा मे २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात तुमच्या भागातल्या उद्यान आणि मैदानाच्या आरक्षणांचं काय झालंय ते नकाशावर बोट ठेवून बघाच.

मग कार्यादेश मिळवा

हा या सगळ्यातला सगळ्यात महत्त्वाचा कागद. बागेची देखभाल बहुतेक वेळा ठेकेदाराकडं असते, निविदा निघते, कार्यादेश म्हणजे वर्क ऑर्डर दिली जाते आणि त्यासोबत कामांची यादी असते. किती माळी, किती तास, लॉन किती दिवसांनी कापायचं, खत किती, तण कधी काढायचं, टॉयलेट दिवसातून किती वेळा साफ करायचं, सुरक्षारक्षक किती, हे सगळं त्यात लिहिलेलं असतं. आपण तोंडानं म्हणतो "बाग घाण आहे", आणि त्यावर उत्तर मिळतं "बघतो". पण कार्यादेशात तीन माळी लिहिलेत आणि गेले दोन आठवडे एकच येतोय, असं तारखांसकट लिहिलं तर बघतो म्हणून चालत नाही, कारण आता प्रश्न बिलाचा होतो.

कागद मिळवायचे दोन रस्ते आहेत. पहिला फारसा कोणाला माहीत नाही. २६ नोव्हेंबर २०१८ च्या शासन निर्णयानुसार जिल्हास्तरीय कार्यालयं आणि स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख बघता येतात, माहिती अधिकाराचा अर्ज न करता. जाताना निर्णयाची प्रत सोबत ठेवा, कारण समोरच्याला कधी कधी तो माहीत नसतो, भांडायचं नाही, प्रत दाखवायची.

दुसरा रस्ता माहिती अधिकार कायदा २००५. अर्जाची फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्रात एक अट आहे, अर्ज १५० शब्दांच्या आत आणि एकाच विषयावर हवा, त्यामुळं सगळं एका अर्जात कोंबू नका. पहिला अर्ज एवढाच ठेवा: अमुक उद्यानाच्या देखभालीचा चालू कार्यादेश, त्यासोबतची कामांची यादी, मागच्या तीन महिन्यांची हजेरी आणि अदा केलेली बिलं यांच्या प्रती. "का केलं नाही" असले प्रश्न विचारू नका, कायदा असलेली माहिती देतो, खुलासा देत नाही. उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं तर ३० दिवसांत पहिलं अपील.

खेळणी किंवा पाथवे नवीन बसवले असतील तर आणखी एक गोष्ट शोधा, दोष दायित्व कालावधी. म्हणजे काम झाल्यावर अमुक काळ बिघाड झाला तर ठेकेदारानंच स्वतःच्या खर्चानं दुरुस्त करायचं. ती तारीख निविदेत असते. ती एकदा कळली की मोबाईलच्या कॅलेंडरला टाका आणि संपायच्या दोन महिने आधी सगळ्या बागेची पाहणी करून यादी लेखी द्या. मुदत टळली की त्याच दुरुस्तीसाठी पुन्हा निविदा, पुन्हा आपलाच पैसा.

आठवडाभर नुसतं बघा, लिहून ठेवा

घाई करू नका. एक वही घ्या आणि एक आठवडा वेगवेगळ्या वेळी बागेत जाऊन कोण येतं ते लिहा. सकाळी सहाला चालणारे, हास्यक्लब, साडेदहाला कोण, दुपारी कोण, संध्याकाळी पाचनंतर कोण. यात जे दिसत नाहीत ते जास्त महत्त्वाचे असतात. बहुतेक बागांमध्ये बारा-तेराच्या पुढच्या मुली दिसतच नाहीत, कारण घसरगुंडीचं वय संपलेलं असतं आणि मैदान मुलांनी व्यापलेलं असतं, बसायला जागा असते ती कोपऱ्यात अंधारात. त्यांना विचारा. व्हीलचेअरवाले आजोबा येत नाहीत कारण गेटला मोटरसायकल येऊ नये म्हणून खांब रोवलेत आणि मधलं अंतर कमी आहे, ९०० मिलिमीटर तरी मोकळी वाट लागते, आणि उतार १ ला १२, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबीचा रॅम्प. टेपनं मोजा आणि आकडा लिहा.

पाणी

शहरात नोव्हेंबर २०१९ पासून पाणी दिवसाआड येतंय. अशा शहरात बागेला पिण्याचं पाणी घालणं मला पटत नाही, आणि लॉनचा हट्ट तर अजिबात नाही. साधा हिशोब करून बघा, एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. एप्रिल-मे मध्ये लॉनला दिवसाला ५ मिलिमीटर धरलं तर एक एकर, म्हणजे साधारण ४०४७ चौरस मीटर लॉनला रोज २० हजार लिटर, दहा हजार लिटरचे दोन टँकर, रोज. एवढं करूनही त्यावर पोरांना खेळू देत नाहीत.

काय मागायचं: टँकर एसटीपीच्या, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण केंद्राच्या, प्रक्रिया केलेल्या पाण्याचा हवा, आणि त्याची नोंद गेटवर ठेवलेल्या रजिस्टरमध्ये हवी, तारीख, वेळ, गाडी नंबर. पिण्याच्या नळाची लाइन आणि बागेची लाइन वेगळी हवी, बागेच्या नळावर "पिण्यासाठी नाही" असं ठळक लिहिलेलं हवं कारण लहान मुलं कुठल्याही नळाला तोंड लावतात. लॉन फक्त जिथं लोक खरोखर बसतात तेवढंच ठेवा, बाकी झाडांखाली पालापाचोळ्याचं आच्छादन आणि सावलीत तग धरणारी झुडपं. बोअर असेल तर शेजारी शोषखड्डा करून छतांचं आणि पाथवेचं पावसाचं पाणी त्यात सोडा, हे काम मे अखेर व्हायला हवं, जुलैत कोणी खड्डा खणत नाही.

झाडं आणि पाला

झाडाच्या बुंध्यापाशी खाली वाकून बघा. पेव्हर ब्लॉक किंवा काँक्रीट खोडाला चिकटलेलं आहे का? असेल तर मुळांना ना पाणी ना हवा, आणि पावसाळ्यात असं झाड मुळासकट आडवं होतं. राष्ट्रीय हरित लवादानं २०१३ मध्ये दिल्लीसाठी झाडाभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवायचा आदेश दिला होता, आपल्या मागणीला तो चांगला आधार आहे. खोडाला ठोकलेले खिळे, गुंडाळलेली लायटिंग, बोर्ड हेही यादीत घ्या.

छाटणीचं लोक हलक्यात घेतात. महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम १९७५ प्रमाणे झाड तोडायला वृक्ष प्राधिकरणाची रीतसर परवानगी लागते, मग झाड आपल्या सोसायटीतलं असो की बागेतलं. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षं किंवा जास्त वयाच्या झाडाला हेरिटेज वृक्ष म्हणून वेगळं संरक्षण आहे. त्यामुळं "पावसाळ्यापूर्वीची छाटणी" म्हणून कोणी झाडाचा नुसता खांब करून ठेवत असेल तर जागेवरच परवानगीचा कागद बघायला मागा, व्हिडिओ काढा आणि वृक्ष अधिकाऱ्यांना लगेच पाठवा.

नवीन लावायचं तर आपल्या मातीतलं लावा. बहावा, ताम्हण जे आपलं राज्यफूल आहे, कदंब, करंज, बकुळ, कांचन, पळस, सोनचाफा. वाढ झपाट्यानं होते म्हणून कोनोकार्पसच्या रांगा लावतात, गुजरात सरकारनं २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली, आपण तरी मागू नये. आणि लावलेल्या रोपाला पहिले तीन उन्हाळे पाणी कोण घालणार हे ठरल्याशिवाय खड्डा खणू नका, शंभर रोपांच्या फोटोपेक्षा जगलेली दहा झाडं केव्हाही बरी.

पाला जाळणं बंद झालंच पाहिजे. कचरा उघड्यावर जाळल्यास दंड आहे, हरित लवादानं २०१६ मध्ये साध्या प्रकरणात ५ हजार आणि मोठ्या प्रमाणात जाळल्यास २५ हजार ठरवून दिला. आणि घनकचरा नियमांमध्येच लिहिलंय की बागेतला कचरा शक्यतो बागेतच जिरवावा. करायचं काय तर एका कोपऱ्यात जाळीचा पिंजरा, त्यात पाला, मधून मधून शेणकाला किंवा आंबट ताकाचं पाणी, ओल टिकली पाहिजे, चिखल नको. हातात मूठभर घेऊन दाबलं की बोटं ओली व्हावीत पण पाणी टपकू नये. तीन-चार महिन्यांत खालचा थर काळा होतो, जंगलातल्या मातीचा वास येतो, चाळून कुंड्यांना, आळ्यांना घाला. पुण्यात ब्राऊन लीफ या गटानं पाला असणारे आणि पाला हवा असणारे जोडून दिले, तसं दोन सोसायट्यांमध्येही होऊ शकतं.

खेळणी: इथं हयगय नको

महिन्यातून एकदा, सकाळी मुलं नसताना, दोघांनी मिळून बघायचं. झोपाळ्याची साखळी जिथं वरच्या कडीत अडकते तिथं बोट फिरवून बघा, लोखंड घासून बारीक झालंय का, हूक उघडलाय का. साखळी तिथूनच तुटते. बोल्टच्या टोप्या आहेत का, की धार उघडी आहे. सीसॉखाली टायर आहे का. खांबाचं काँक्रीट जमिनीच्या वर डोकावतंय का. एफआरपीच्या, म्हणजे फायबरच्या, घसरगुंडीला तडा गेला की त्याच्या कडा मांडीला कापतात, त्यावर सेलोटेप लावून भागत नाही.

खाली काय आहे ते सगळ्यात आधी. खेळण्यांखाली पेव्हर ब्लॉक किंवा कडक मुरूम असेल तर ती खेळणी वापरायची नाहीत, इतकं स्पष्ट सांगतो. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाच्या हँडबुकमध्ये वाळू किंवा लाकडाचा चुरा किमान ९ इंच हवा असं आहे, खेळणं जितकं उंच तितका थर जास्त, आणि खेळण्याच्या चारी बाजूंनी ६ फूट मोकळी जागा. तिथलाच आणखी एक नियम सगळ्यांनी लक्षात ठेवावा असा आहे, साडेतीन इंचांपेक्षा मोठी आणि नऊ इंचांपेक्षा छोटी फट धोक्याची, कारण त्यातून मुलाचं अंग जातं पण डोकं अडकतं. टेप घेऊन शिडीच्या पायऱ्या आणि कठडे मोजा.

वाळू दर पंधरा दिवसांनी उकरून मोकळी करावी लागते, पावसात ती दगडासारखी बसते. हे काम कार्यादेशात आहे का बघा, नसेल तर पुढच्या निविदेत घालायला सांगा. आणि घसरगुंडी उघड्यावर पश्चिमेकडं तोंड करून असेल तर मे महिन्यात चार वाजताही त्यावर हात टेकवत नाही, तिच्यावर शेड किंवा शेजारी झाड मागा.

एखादं खेळणं धोक्याचं वाटलं तर तक्रारीची वाट बघू नका, माळीदादांना किंवा सुरक्षारक्षकाला सांगून झोपाळा वर बांधून ठेवा, रिबन लावा, फोटो काढा, मग तक्रार.

वेळा, कुत्री, क्रिकेट

दुपारी बाग बंद ठेवायची पद्धत सगळीकडं आहे. मला ती चुकीची वाटते. भर उन्हात सावली ज्यांना लागते ते डिलिव्हरीवाले, घरकाम करणाऱ्या मावशी, रूमवर पंखा नसलेले विद्यार्थी, यांना नेमकं तेव्हाच कुलूप दिसतं. निदान मार्च ते मे गेट उघडं ठेवा अशी लेखी मागणी करा, सुरक्षारक्षकाची पाळी त्याप्रमाणं लावता येते.

भटक्या कुत्र्यांवरून होणारी भांडणं टोकाला जातात. प्राणी जन्म नियंत्रण नियम २०२३ मध्ये खायला घालायची जागा मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून आणि ये-जा करायच्या वाटेपासून लांब ठरवायची असं आहे. सर्वोच्च न्यायालयानंही ऑगस्ट २०२५ मध्ये महापालिकांना अशा जागा ठरवून द्यायला सांगितलं. म्हणजे खाऊ घालणारे आणि घाबरणारे, दोघांनी मिळून क्षेत्रीय कार्यालयाकडं जागा निश्चित करून मागायची.

क्रिकेटचं उत्तर बंदी नाही. मुलांना मैदान हवंच. जवळचं शाळेचं मैदान संध्याकाळी उघडून मागा, नाहीतर बागेत वेळा वाटून द्या. स्पीकरचा नियम साधा, रात्री १० ते सकाळी ६ बंद, पहाटे साडेपाचच्या योगवर्गालाही तो लागू.

तक्रार कुणाकडं आणि कशी

बाग एक असली तरी विभाग अनेक. झाडं, लॉन, माळी हे उद्यान विभागाकडं. भिंत, पाथवे, शेड, बाक हे स्थापत्यकडं, त्यातही उद्यानांच्या कामासाठी स्थापत्य-उद्यान असा वेगळा विभाग आहे. दिवे विद्युतकडं, नळ पाणीपुरवठ्याकडं. सगळं एका तक्रारीत लिहिलं की ती एका टेबलावरून दुसऱ्यावर फिरत राहते. त्यामुळं एक प्रश्न, एक तक्रार, एक फोटो. फोटो दर वेळी त्याच जागेवरून काढा म्हणजे फरक दिसतो.

महापालिकेच्या सारथी हेल्पलाइनवर नोंद करून टोकन नंबर घ्या. तेवढ्यावर थांबू नका. आठ क्षेत्रीय कार्यालयांमध्ये, अ पासून ह पर्यंत, जनसंवाद सभा होतात, तिथं समोरासमोर प्रश्न मांडता येतो. जाताना टोकन नंबरांची यादी, कार्यादेशाची प्रत आणि फोटो, तीन सेट. मार्च २०२२ नंतर नगरसेवक नसताना शहर प्रशासकांकडं होतं, त्या काळात ज्यांना हे कागद हाताळायची सवय लागली त्यांची कामं झाली. नगरसेवक असले तरी कागद तयार ठेवाच, त्यांनाही तोच हातात लागतो.

माळी आणि सफाईच्या ताईंशी कधीही आवाज चढवून बोलू नका. तीन माणसांचं काम एकटा माणूस करत असेल तर दोष त्याचा नाही. त्यांना किमान वेतन मिळतं का, पीएफ भरला जातो का, हे माहिती अधिकारात विचारता येतं आणि विचारावं, कारण पगार थकला की माणूस निघून जातो आणि बागेची नस माहीत असलेला हात जातो.

पैसा कधी मागायचा

फेब्रुवारी-मार्चमध्ये अंदाजपत्रक मांडतात, तेव्हा जाऊन उपयोग नाही, आकडे तोपर्यंत भरलेले असतात. मागणी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये द्या, विभाग आपापली यादी तेव्हा करतात. पुण्यात नागरिकांनी अंदाजपत्रकात कामं सुचवायची पद्धत २००६ मध्ये सुरू झाली, आपल्याकडंही नागरिकांकडून कामं मागवतात, ती जाहिरात आली की पूर्ण सोसायटीनं मिळून एकच काम सुचवा, वीस जणांनी वीस वेगळी नको.

काम सुचवताना नेमकं लिहा. "बाग सुशोभीकरण" असं लिहिलंत तर कारंजं आणि कमान येईल, दोन वर्षांत कारंज्याची मोटर जळेल आणि त्यात डास होतील. त्याऐवजी "महिलांसाठी टॉयलेट, आत दिवा आणि पाणी, दिवसातून तीन वेळा सफाई" असं लिहा, "पाथवेच्या उत्तरेच्या बाजूला झाडांच्या फांद्यांखाली येतील इतक्या उंचीचे पाच दिवे" असं लिहा. दिवा झाडाच्या वर असला की उजेड पानांवर पडतो आणि वाट अंधारात राहते.

कंपनीच्या सीएसआरमधून, म्हणजे सामाजिक कामासाठीच्या निधीतून, मदत मिळत असेल तर घ्या, चाकण-भोसरीच्या पट्ट्यात कंपन्या कमी नाहीत, पण करार लेखी हवा आणि त्यात किती वर्षं देखभाल करणार हे हवं, बोर्डाचा आकार किती हे हवं, आणि बाग सगळ्यांना फुकट खुली राहील ही ओळ हवीच. करार महापालिकेनं करायचा, सोसायटीनं नाही, आणि सहीच्या आधी मसुद्याची एक प्रत मागून घ्या.